कोंबड्यांची एकादशी

आमच्या डोईफोडिया गावचं वैशाखातलं ऊन ज्यानं पाहिलं नाही, त्याला मी काय सांगणार? बिबडी, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, वाळत घालून बाई पाणी प्यायला खाली उतरली आणि परत गच्चीवर गेली, तर बिबडी तळून तयार. तेल लागत नाही. बुऱ्हाणपूरचा एक पाहुणा हे ऐकून हसला होता. त्याला मी भर दुपारी आमच्या गच्चीवर अनवाणी उभं केलं. तो तिथून जो उडाला, तो भाईदासच्या केळीत जाऊन टेकला. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा. हल्ली आमच्याकडे येत नाही, पण बाजारात भेटतो.

तर अशाच दिवसांत मालूबाईच्या कोंबड्या मेल्या.

मालूबाई म्हणजे भाईदासची बायको. आमच्या समोरचंच घर. त्या घरात जमीन भाईदासची, केळी भाईदासची, म्हैस भाईदासची, आणि टीव्हीचा रिमोट तर भाईदासच्या उशाखाली. कोंबड्या तेवढ्या मालूबाईच्या. लग्न होऊन आली तेव्हा तिनं माहेरून पदराखाली एक तलंग आणली होती. आजचा सगळा कळप म्हणजे त्या तलंगीच्या लेकी, नाती आणि पणत्या. प्रत्येकीला नाव. प्रत्येकीचा स्वभाव मालूबाईला पाठ. तिनं हाक मारली की भाईदास तिसऱ्या हाकेला उठतो, कोंबड्या हाक तोंडातून बाहेर पडायच्या आधी दारात. आणि कोंबडा? त्याचं नाव फौजदार. तो पहाटे आरवला की जंगलातला वाघ कूस बदलतो आणि नेपानगरात लोक घड्याळं जुळवून घेतात.

एकादशीच्या दुसऱ्या दिवशी उजाडलं आणि फौजदार आरवला नाही.

मला वाटलं, मीच मेलो. शेजारी वैजयंती, म्हणजे आमची मंडळी, घोरत होती. स्वर्गात इतकं घोरू देत नसतील, म्हणून मी जिवंत असल्याची खात्री पटली. तेवढ्यात समोरून मालूबाईची किंकाळी आली.

धावत गेलो. परसात कोंबड्या पडल्या होत्या. कुणी चुलाण्याशेजारी, कुणी म्हशीच्या गव्हाणीखाली, कुणी खुराड्याच्या दारातच. अंगावर ओरखडा नाही, रक्ताचा थेंब नाही. जिवंत होत्या त्यांची चाल वरातीतून झिंगत परतणाऱ्या माणसांसारखी, एक पाय इकडे, एक तिकडे. फौजदार भिंतीला टेकून उभा होता आणि चोच उघडी टाकून नुसता हवा चावत होता.

"काल दुपारी तर चांगल्या व्हत्या वं माय!" मालूबाई एकेकीला उचलत होती, नाव घेत होती, परत खाली ठेवत होती. "ही जांभळी... ही मुकी... अवं, ही तर उद्या खुडूक बसणार व्हती!"

भाईदास म्हणाला, साप असेल. मी म्हटलं, साप एकीला चावेल, दोघींना चावेल, सगळ्यांना चावायला त्याला काय हजेरी घ्यायची होती? हे काम उदमांजराचं. जंगलात एक उदमांजर आहे, ते नुसतं रोखून बघतं आणि कोंबडी मरते. माझ्या तरुणपणी त्यानं माझ्याकडे बघितलं होतं, तेव्हापासून माझा डावा गुडघा दुखतो.

"तुमी गप बसा हो," वैजयंती म्हणाली. "बाईचं घर बुडालं अन् तुमचं उदमांजर!"

मालूबाईची सून रंजिता दारात उभी होती. बुऱ्हाणपूरच्या लालबागची पोर, फाल्गुनात लग्न होऊन आलेली. नवरा रितेश बुऱ्हाणपूरला दुकानात कामाला, आठवड्यातून एकदा घरी. पोर हुशार, बोलकी. पण त्या सकाळी तिच्या तोंडाला कुलूप लागलेलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. मला वाटलं, पोर घाबरली.

एवढ्यात भूपेंद्र आला. आमच्या गल्लीत सगळ्या जगाच्या बातम्या आधी भूपेंद्रच्या मोबाईलवर येतात आणि मग त्या घडतात. त्यानं नाकाला रुमाल बांधला होता. लांबूनच फोटो काढला आणि म्हणाला, "ये बर्ड फ्लू है. पक्का. कुणी हात लावू नका."

झालं! त्या दोन शब्दांनी गल्ली गोळा झाली. प्रत्येकाच्या दारात कोंबड्या, प्रत्येकाची नजर आपापल्या खुराड्याकडे. भूपेंद्रनं समजावून सांगितलं. भोपाळच्या प्रयोगशाळेत नमुना जाणार, तिथे बर्ड फ्लू निघाला की सरकारी माणसं पांढरे कपडे घालून येणार आणि आसपासच्या सगळ्या कोंबड्या मारून पुरणार. कुणाची ठेवणार नाहीत.

"मग काय करायचं भो?" कुणीतरी विचारलं.

"इलाज एकच. भाईदासकाकाच्या उरलेल्या आजच मारून गाडून टाकायच्या. चुना टाकायचा. बीमारी इथंच खलास. बाकी गल्ली सलामत."

मालूबाईनं हातातली मेलेली कोंबडी खाली ठेवली. "जित्या गाडायच्या?"

"चाची, समझो. तुमच्या पाच-दहा जातील, नाहीतर सगळ्यांच्या जातील."

आणि गल्लीला ते पटलं. आमच्या गल्लीत नळाच्या पाण्यावरून आजवर एकमत झालं नाही, पण मालूबाईच्या कोंबड्यांवरून झालं. रस्त्याच्या कामाला आलेला जेसीबी जवळच उभा होता. भूपेंद्रनं त्याच्या ड्रायव्हरला चहा पाजला. त्या ड्रायव्हरनं असा खड्डा खणला की कोंबड्या सोडा, म्हशीसकट भाईदास त्यात मावला असता. तळाला पाणीच लागायचं बाकी होतं.

मालूबाईनं उरलेल्या कोंबड्या खुराड्यात घातल्या, दाराला पाठ लावून बसली आणि म्हणाली, "आधी मले टाका त्या खड्ड्यात."

भाईदास मधल्या मध्ये अडकला. बायको एकीकडे, गल्ली एकीकडे. तो टोपी काढायचा, डोकं पुसायचा, परत घालायचा. "मालू, ऐक जरा. लोकाइचं नुकसान नको आपल्यापायी. मी तुले दुसऱ्या आणून देईन."

"तुमची म्हैस गाडू का? तुमाले दुसरी आणून देईन."

भाईदास परत डोकं पुसायला लागला.

एवढ्यात बर्ड फ्लूची बातमी ऐकून गुरांचे डॉक्टर आले. खकनारकडून फटफटीवर, घामानं निथळत. तुषार नावाचा तरुण माणूस. त्यांनी मास्क लावला, हातमोजे घातले, गर्दी मागे सारली. मेलेल्या कोंबड्यांचे तुरे पाहिले, डोळे पाहिले, पाय पाहिले.  मग एकीच्या गळ्याखालची थैली चाचपली आणि थांबले.

"काल काय खाल्लं यांनी?"

"रोजचंच," मालूबाई म्हणाली. "कण्या, दाणे."

"वेगळं काही?"

"नाई."

"इथं तर पिठाचा गोळा भरल्यासारखा लागतोय."

"जहर असेल," भूपेंद्र म्हणाला. "नाहीतर बर्ड फ्लू. दोन्ही केसमध्ये खड्डा तयार आहे. डॉक्टरसाहेब, टाइम मत गंवाओ."

"जिवंत कोंबडीला हात लावायचा नाही कुणी," डॉक्टर म्हणाले. "नमुना भोपाळला पाठवतो. पण काय झालं ते मी आत्ता सांगू शकत नाही. कारण कळलं तर सांगेन. नाही कळलं, तर बर्ड फ्लू नाहीच, असं लिहून कसं देऊ?"

हे ऐकायलाच गल्ली टपलेली होती. "बघा! डॉक्टर नाही म्हणत नाहीत!" गलका झाला. दोन-तीन जण पुढे सरकले. डॉक्टर ओरडत होते, पण त्यांचं कोण ऐकतं? भाईदासनं डोळे मिटून घेतले, मालूबाईला खांद्यानं बाजूला केलं, खुराड्यात हात घातला आणि एक पिवळी बाहेर काढली. ती ओरडलीसुद्धा नाही. मान टाकून त्याच्या हातात पडून राहिली. मालूबाईनं तोंडात पदर कोंबला.

"बाबा, थांबा!"

रंजिता ओरडली होती. आख्खी गल्ली वळली. लग्न झाल्यापासून तिचा इतका मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"बर्ड फ्लू नाही. मीठ आहे. कालच्या घाट्याची खरवड मी घातली त्यांना. ती खारट होती. लई खारट."

आता बाहेरच्या माणसासाठी सांगतो. बिबडी करायची म्हणजे ज्वारी भिजवायची, भरडायची आणि पहाटे मोठ्या पातेल्यात तिचा घाटा शिजवायचा. तीळ, लसूण, मिरची, मीठ घालून. गरम असतानाच तो ओल्या फडक्यावर हातानं थापून उन्हात वाळवायचा. गल्लीतल्या बाया एकमेकींकडे मदतीला जातात. काल मालूबाईकडची पाळी होती. आणि काल एकादशी. गल्लीतल्या झाडून सगळ्या बाया उपाशी. ज्वारीचा कण जिभेला लागू द्यायचा नाही. म्हणजे तो घाटा कुणीही न चाखता शिजवला, न चाखता थापला. पातेल्याच्या तळाची खरवड पोरं खातात, पण पोरं गावात दुसरीकडे हळदीच्या जेवणाला पळालेली.

मालूबाईनं सुनेकडे पाहिलं. "खारट व्हता? तुले कसं समजलं?"

रंजितानं बोट मुठीत लपवलं.

"चाखला तू?"

"बोट भाजलं आई. चटका बसला तसं पटकन तोंडात गेलं."

"एकादशीले?"

"हो."

"नवी सून तू, घरात एकादशी, अन्..."

"म्हणून तर बोलले नाही ना!" पोरीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "खारट आहे म्हटलं असतं, तर तुम्ही हेच विचारलं असतं, तुला कसं कळलं. मी म्हटलं, पाऊसकाळात तळू तेव्हा बघू. आणि खरवड फेकायची कशी, म्हणून कोंबड्यांना घातली. त्यांनी इतकी आवडीनं खाल्ली आई... मला काय माहीत, मिठानं कोंबडी मरते!"

 मालूबाई उठली. मला वाटलं, आता या पोरीची लालबागला रवानगी. पण मालूबाईनं आधी भाईदासच्या हातातली पिवळी हिसकावून घेतली, ती काखेत धरली, आणि मोकळ्या हातानं सुनेच्या तोंडावरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"देवा, मीठच निघू दे!" ती म्हणाली. "पोरीचा उपास मी करीन, एकाच्या जागी दोन करीन. पण मीठच निघू दे!"

डॉक्टर पुढे आले. "मिठानं होऊ शकतं. कोंबडीला मीठ सोसत नाही. पण किती घातलं होतं?"

"एक ओंजळ. आई सांगतात तेवढंच, मोजून."

"केवढ्या पातेल्याला?"

रंजितानं पातेलं दाखवलं. डॉक्टरांचा चेहरा पडला. "एवढ्या घाट्याला एक ओंजळ म्हणजे बरोबरच झालं की. एवढ्यानं नाही मरणार."

"मतलब वही," भूपेंद्र म्हणाला. "बर्ड फ्लू."

मालूबाई पिवळीच्या पिसांवरून बोट फिरवत राहिली. मग खाली बघून हळूच म्हणाली, "मी बी टाकेल व्हतं एक."

"आई?"

"तू शहरातली. मले वाटलं, भुलली असशीन. इचारलं असतं तर तुले वाटलं असतं, सासू भरवसा ठेवत नाई. म्हून तू चुलीत लाकूड सारत व्हती तवा टाकलं."

"दोन ओंजळी," डॉक्टर म्हणाले. त्यांचे डोळे जरा उजळले. "तरीसुद्धा..."

माझ्या कमरेला कोपर लागलं. वैजयंती होती. ती मला बाजूला सारून पुढे गेली. "मी बी. एक नाई, भरून एक. मालूबाईची बिबडी दरसाल पुचाट लागतात, तोंडावर कोण सांगीन?"

"पुचाट?" मालूबाई म्हणाली.

"आता सांगितलं ना!"

"तीन," डॉक्टर म्हणाले. ते आता बोटं मोजत होते.

भाईदासनं टोपी काढली. "चार. मागल्या साली अळणी झाली व्हती. पुरं साल मलेच खा लागली."

"तुमी कवा आले चुलीपाशी?"

"बिडी पेटवाले."

गल्लीत खसखस पिकायला लागली. आणि मग मागून भूपेंद्रची आई वंदनाबाई, कालच्या थापणाऱ्या बायांतली एक, घसा खाकरून म्हणाली, "मोठी मूठ माझीबी धरा डॉक्टरसाहेब. कोणी टाकतच नाई असं दिसलं मले."

"मम्मी!" भूपेंद्रचा रुमाल नाकावरून खाली घसरला.

"काय मम्मी? तू सुतकात आल्यावानी तोंड बांधून उभा राह्यला, म्हून गप व्हती."

मग काय सांगावं! कबुली देण्याची अशी साथ पसरली की खरा बर्ड फ्लू लाजला असता. जी बाई काल फक्त फडकं धरायला आली होती, तीही एक चिमूट कबूल करून मोकळी झाली. गल्लीतला सुरेश काल दिवसभर खकनारला होता, तोही हात वर करून म्हणाला, माझीबी एक धरा. सगळ्या गल्लीत निर्दोष राहिलो तो मी एकटा. मला चुलीजवळ कुणी येऊच देत नाही.

डॉक्टरांनी गच्चीवरून एक बिबडं मागवलं. कडेनं तुकडा मोडला, मास्क खाली ओढला आणि जिभेवर ठेवला. त्यांच्या मिशीचे केस एकेक करून उभे राहिलेले मी या डोळ्यांनी पाहिले. त्यांनी फक्त हात पुढे केला. रंजितानं लोटा दिला. लोटा संपला. कळशी दिली. कळशी संपली. मग ते म्हशीच्या हौदाकडे बघायला लागले, तेव्हा भाईदास आडवा आला.

"आणि यांचं पाण्याचं भांडं कुठे आहे?" बोलता येऊ लागल्यावर त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी इकडे तिकडे पाहिलं. कोंबड्यांचं घमेलं कुंपणाच्या भिंतीवर पालथं होतं, लख्ख घासलेलं. काल फडकी भिजवायला भांडं कमी पडलं, म्हणून आमच्या वैजयंतीनंच ते राखेनं घासून घेतलं होतं आणि काम झाल्यावर वाळत ठेवलं होतं. परत भरायचं कुणाला सुचलं नाही. उपाशी बाया संध्याकाळी आपापल्या घरी जाऊन आडव्या झालेल्या.

"पोटात एवढं मीठ, वर हे ऊन, आणि प्यायला थेंब नाही," डॉक्टर म्हणाले. "आता समजलं."

त्यांनी गोठ्यामागे जाऊन एक मेलेली फाडून पाहिली. परत आले तेव्हा चेहरा सैल झाला होता. आतमध्येही सगळं तेच सांगत होतं. नियम म्हणून नमुना भोपाळला जाईलच, ते म्हणाले. निकाल येईपर्यंत गल्लीतल्या सगळ्यांनीच आपल्या कोंबड्या कोंडून ठेवायच्या. पण आज इथे कुणी कुणाला मारणार नाही. मेलेल्या तेवढ्या खोल पुरा, चुना टाका, बाकी खड्डा बुजवा.

"आणि जित्या?" मालूबाईनं विचारलं.

"पाणी द्या. पण एकदम नाही. थोडं थोडं, सारखं. वाचतील."

मालूबाई तिथेच जमिनीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, मग दोन्ही एकदम. मेलेल्यांना तिनं स्वतःच्या हातानं खड्ड्यात ठेवलं. जांभळी, मुकी, सगळ्या.  जेसीबीवाल्यानं माती ओढताना इंजिनसुद्धा हळू चालवलं.

मग त्या घरात कोंबड्यांचा दवाखाना सुरू झाला. रंजिता वाटी-चमचा घेऊन खुराड्यासमोर बसली ती उठेचना. एकीला चमचा, दुसरीला चमचा, परत पहिलीला. भाईदासनं स्वतः उठून पंख्याची वायर परसापर्यंत ओढली. चाळीस वर्षांच्या संसारात मालूबाईच्या वाट्याला जो पंखा आला नाही, तो कोंबड्यांच्या वाट्याला आला, आणि तिनं त्याला तसं बोलूनही दाखवलं. दोन दिवसांत फौजदारानं पहिली बांग दिली. बांग कसली, बुडत्या माणसानं पाण्याखालून हाक मारावी तसा आवाज. पण मालूबाईनं ऐकला आणि भाईदासला चहात दोन चमचे साखर जास्त घातली.

लोक सासू-सुनेकडे बघत होते. आता भांडतील, मग भांडतील. मीही खुर्ची दारातच टाकून बसलो होतो, कशाला खोटं बोलू? पण एकदाच मालूबाई म्हणाली, "बोट भाजलं ते दाखव." रंजितानं दाखवलं. मालूबाईनं त्यावर लोणी चोपडलं आणि म्हणाली, "पुढं असं काही झालं तर मले सांगत जा. देवानं बी विस्तवाले हात लावला असता तर बोट तोंडातच घातलं असतं." एवढंच.

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मालूबाई धुणं वाळत घालत होती. भाईदासनं फोन स्पीकरवर टाकून उंच धरला, जणू काही आकाशवाणी होणार होती. गल्ली कुंपणापाशी जमली.

"निकाल आला. बर्ड फ्लू नाही. सोडा कोंबड्या."

ओला परकर मालूबाईच्या हातातून मातीत पडला, तो तिनं उचललाही नाही. खुराड्यापाशी गेली, कडीला हात घातला आणि थांबली. "रंजिता, ये. तू काढ."

रंजितानं कडी काढली. आधी कुणी बाहेरच येईना. मग पिवळीनं मान बाहेर काढली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि पळत सुटली. तिच्यामागे बाकीच्या, रंजिताच्या पायांवरून, मालूबाईच्या लुगड्याखालून, पंख फडफडवत. तेवढ्यात गल्लीत दारोदार कड्या वाजल्या. प्रत्येकाच्या कोंबड्या रस्त्यावर आल्या आणि असा कल्ला झाला, की सातपुड्यातल्या मोरांनी एकमेकांना विचारलं म्हणतात, काय झालं रे तिकडे?

वंदनाबाईनं ओट्यावर गहू पसरला होता. मालूबाईच्या साऱ्या कोंबड्या चाल करून गेल्या त्या सरळ तिथेच. वंदनाबाईनं सवयीनं केरसुणी उचलली. मग तिनं भूपेंद्रकडे पाहिलं, भूपेंद्रनं जमिनीकडे पाहिलं, आणि केरसुणी परत कोपऱ्यात गेली.

"खाऊ दे माय," ती ओट्याच्या कडेवर टेकत म्हणाली. "लई दिवस कोंडल्या व्हत्या बिचाऱ्या."

मालूबाई कुंपणाला टेकून बघत राहिली. रंजिता तिच्या शेजारी. कोंबड्या गव्हात टचाटच चोची मारत होत्या, आणि सगळ्या गल्लीत त्यांना हुश म्हणायला कुणी नव्हतं.